झिलमिलीचा कोन
(शाळेच्या हीरक महोत्सवातील भाषण)



मुंबईतील जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांची झिलमिली असे. मधली उभी दांडी वर-खाली केली की साऱ्या पट्ट्या एकदम कलत. ऊन अडे, वारा मात्र येत राही. ही किमया समांतरभुज चौकोनाची आहे. पट्ट्या परस्परांना समांतर आणि त्यांना जोडणारी दांडी एकच. म्हणून एक पट्टी जितके अंश कलते, तितक्याच बाकीच्याही कलतात.

चेन्नईजवळचे ओरगडम हे चाकणसारखेच मोटारींच्या कारखान्यांचे ठिकाण. तेथील दमट उष्म्यात एखाद्या घराला अशी हलती लाकडी भिंत द्यायची, असे समजा. आज तिचा आराखडा ‘रेव्हिट’सारख्या संगणकप्रणालीत होतो. नवखा आरेखक एकेक पट्टी सुटी काढत बसतो आणि खिडकीची उंची बदलली की सारे काम पुन्हा करतो. जाणता आरेखक एकच पट्टी घडवतो, तिला आस देतो आणि तिचा कोन बदलता ठेवतो. पट्टी ७५ मिलिमीटर रुंद आणि दोन पट्ट्यांच्या आसांतील अंतर ६० मिलिमीटर असेल, तर १२०० मिलिमीटर उंचीला २० पट्ट्या लागतात. उंची १५०० केली की प्रणाली स्वतःच २५ मांडते आणि भिंतीतील उघाडही तेवढे मोठे करते.

कोन किती ठेवायचा, हे मात्र सूर्य ठरवतो. ओरगडम सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यान्हीला तेथे सूर्य दक्षिणेस सुमारे ५४ अंश उंच असतो. वरच्या मापाच्या पट्ट्या आडव्या ठेवल्या, तर सुमारे ३९ अंशांहून वरचे ऊन अडते. म्हणजे दक्षिणेची भिंत सुरक्षित राहते. पश्चिमेचे कलते ऊन मात्र थेट आत शिरते. तेथे पट्ट्यांची बाहेरची कड ४५ अंश खाली झुकवली की सुमारे ८ अंशांवरचे सारे ऊन थांबते.

एक गोष्ट पडदा आपणहून सांगत नाही. कोन ९० अंश केला की त्या चित्रात पट्ट्या एकमेकींच्या आरपार जातात आणि कोणी हरकत घेत नाही. प्रत्यक्षात १० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ८० अंशांवरच एकमेकींना टेकतात. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. जाडी वाढली की ती मर्यादा आणखी खाली येते आणि आसाची खीळही आवळली जाते. कोकणात हे जून ते सप्टेंबरात घडते, ओरगडमला मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरात. आरेखकाने ही मोकळीक आधी सोडली नाही, तर नेमकी पावसात खिडकी अडते आणि त्या घरातील माणसे वाऱ्याला मुकतात.

ओरगडमच्या दक्षिणेला, पुदुच्चेरीत, अँतोनिन रेमंड यांनी १९३० च्या दशकात ‘गोलकोंड’ या वसतिगृहाची आखणी केली. बाहेर हलत्या आडव्या पट्ट्यांच्या भिंती, आत सागवानी पट्ट्यांची सरकती दारे. तेव्हा संगणक नव्हता. हे सारे कोन कागदावर हातांनी काढले गेले. अलीकडे, २००७ मध्ये, अलिबागजवळच्या नांदगावात बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने नारळीच्या बागेत ‘पामायरा हाऊस’ उभारले. त्याच्या भिंतींच्या पट्ट्या ताडाच्या खोडांच्या आहेत. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष. ओरगडमच्या माणसालाही तो परका नाही. या स्टुडिओच्या कामात सुतार आखणीपासूनच सहभागी असतात आणि खऱ्या मापाचे नमुने करून पाहिले जातात. लाकूड कुठे अडेल, हे नमुना लगेच सांगतो.

मराठी माध्यमात शिकलेले मूल तंत्रज्ञानात मागे पडेल का, ही पालकांची काळजी खरी आहे. प्रणालीतील आज्ञा इंग्रजीत असतात. त्या काही महिन्यांत अंगवळणी पडतात. छेदिका, संगत कोन आणि समांतरभुज चौकोन नीट न समजलेल्याला मात्र त्या आज्ञा पाठ असूनही एक पट्टी फिरवता येत नाही, आणि ही समज याच फळ्यावर, याच भाषेत मिळते. पालकांनी मुलांना संगणक जरूर द्यावा. सुट्टीत चार दिवस एखाद्या सुताराच्या शेजारी बसून लाकूड रंधताना पाहण्याचीही मुभा द्यावी.