ताडोबा ते सिरोंचा

जंगल सफारीचा शेवट पाण्याकाठी करायचा, तर त्यासाठी समुद्रच गाठायला हवा असं नाही. सुरुवात करा चंद्रपूरच्या ताडोबापासून. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतं. गाभा क्षेत्रात मोबाईल चालत नाही आणि तंबू ठोकता येत नाही. त्यामुळे मुक्काम मोहर्लीसारख्या प्रवेशद्वाराजवळच्या गावात करावा. निघताना ओळखपत्र विसरू नका.

तिथून गोंडपिपरी, आष्टीमार्गे आलापल्ली. इथलं सागवान नावाजलेलं. अयोध्येच्या राम मंदिरासाठीही २०२३ साली याच टापूतलं लाकूड गेलं. पुढे डावीकडे फाटा फुटतो कमलापूरला. राज्यातला हा एकमेव शासकीय हत्ती कॅम्प.

शेवटचा टप्पा सिरोंचा. वैनगंगा आणि वर्धा मिळून झालेली प्राणहिता इथे गोदावरीत मिसळते. पैलतीरी तेलंगणातलं काळेश्वर. हिवाळ्यात पाणी ओसरलं, की वाळूचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. वाळूत मनसोक्त बसा. पाण्यात मात्र स्थानिकांना विचारूनच उतरा, कारण तळातले डोह वरून दिसत नाहीत. आणि हो, आलापल्ली सोडण्यापूर्वी गाडीची टाकी भरून घ्या!