परका हेल, आपली भाषा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



केंद्र सरकारच्या सेवेत बदल्या आमच्या पाचवीलाच पुजलेल्या. लखनौ, पाटणा, दिल्ली अशी बिऱ्हाडे फिरली आणि त्याच वाटेवर आमच्या कन्येची मराठी घडली. एका दिवाळीत गावी गेलो असता ती आजीला म्हणाली, "देवाला झेंडूची माल घातली." चुलत भावंडे खो-खो हसली; आम्हीही हसलो. उरलेल्या सुटीत ती आजीशीसुद्धा मराठीत बोलली नाही. त्या हसण्याचा सल आमच्या मनात अद्याप आहे.

परक्या हेलाचे बोलणे कानाला जड जाते, हे खरेच. ओळखीच्या शब्दाचे अनोळखी रूप पडताळून पाहताना मनाला अधिक श्रम पडतात. भोवती गोंगाट असेल तर अधिकच. परंतु १९९५ साली कॅनडात मन्रो आणि डर्विंग या अभ्यासकांनी चिनी भाषकांचे इंग्रजी ऐकवून पाहिले, तेव्हा श्रोत्यांनी ज्यांचा हेल फार जड ठरविला, अशी कित्येक वाक्येही त्यांनी बिनचूक लिहून काढली. हेल वेगळा वाटणे आणि बोलणे न समजणे या दोन भिन्न गोष्टी होत.

शिवाय कान लवकर शिकतो. २००४ साली क्लार्क आणि गॅरेट यांना असे आढळले, की परक्या हेलामुळे श्रोत्यांना आरंभी लागणारा विलंब एका मिनिटाच्या आतच पुष्कळ कमी होतो. मात्र मनाची अढी कानाइतकी लवकर सुटत नाही. २०१० साली शिकागो येथील प्रयोगात तीच साधी विधाने परक्या हेलात ऐकल्यावर श्रोत्यांना ती कमी खरी वाटली! ऐकण्याचे कष्ट पडले, त्याचा दोष विधानाच्या माथी आला.

आता आपल्या घराकडे वळू. 'माळ' आणि 'माल', 'काळ' आणि 'काल' यांत अर्थच बदलतो. 'चार' या आकड्यातला च आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला च लिहिताना एक, उच्चारताना भिन्न. प्रमाण हिंदीत हा दुसरा च नाही आणि ळही नाही; मग आपल्या मुलांच्या जिभेला ते यावेत कोठून? हे उच्चार त्यांना अवश्य शिकवावेत, पण प्रेमाने आणि एकांतात. वाक्याच्या चालीत लखनौ किंवा पाटणा डोकावत असेल, तर तो खुशाल डोकावू द्यावा. त्याने अर्थाचे काही बिघडत नाही.

संभाषणाचा अर्धा भार बोलणाऱ्यावर, तर अर्धा ऐकणाऱ्यावर असतो. मंडळाने पन्नास वर्षे मराठी बोलण्याची जागा राखली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. यापुढे येथे एवढाच नेम असावा: मूल मराठी बोलू लागले, की पहिले मिनिटभर कोणी हसू नये, कोणी टोकू नये. तेवढ्या अवधीत आपला कान तयार होईल आणि मूलही बोलते राहील.

जय महाराष्ट्र, जय हिंद!