नलारबॉरच्या वाटेवरचे फुकट तळ
ऑस्ट्रेलियात नॉर्समन ते सेडुना हा नलारबॉर मैदानातून जाणारा रस्ता सुमारे १२०० किलोमीटरचा. त्यात बॅलाडोनियाच्या पुढे जवळजवळ १४६ किलोमीटर एकही वळण नाही! अशा रस्त्यावर डुलकी लागणं साहजिक, आणि अंधार पडला की कांगारू आडवे येतात. म्हणून रस्त्याकडेचे फुकट मुक्कामाचे तळ ही चैन नव्हे, सुरक्षेचीच सोय आहे. तीही जेमतेम: सपाट जागा, कुठे एखादं शौचालय, पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं. या फुकट तळांमुळे रोडहाउसचा, म्हणजे इंधन, जेवण आणि मुक्काम देणाऱ्या वाटेवरच्या ठिकाणांचा, धंदा बुडतो, अशी तक्रार होते. पण डिझेल तर तिथंच भरावं लागतं. मैलोन्‌मैल दुसरं दुकान आहेच कुठे? लोक तळांवर कचरा टाकून जातात, हा आक्षेप मात्र खरा. पश्चिम ऑस्ट्रेलियात अशा तळांवर २४ तासांचीच मुभा असल्यानं निदान कुणी तिथं बस्तान मांडत नाही.