सायकलवाले येतायत, पण स्वागत नक्की कोणाचं?

 

आजचा भाग एका मेसेजमुळे करतोय. तालुक्याच्या गावातल्या एका श्रोत्याने कळवलंय की त्यांच्या गावातून दिव्यांगांसाठी जनजागृती करणारी एक सायकल राइड जाणार आहे. वीसेक जण आहेत, मुक्काम एक रात्र. स्वागताची जबाबदारी यांच्या ग्रुपवर आली आहे. ठरलंय ते असं: वेशीवर ढोल-ताशा, तिथून मिरवणूक, मग कार्यालयात सत्कार, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, जेवण. "दादा, अजून काय करता येईल?" असं विचारलंय.

मी उलट एवढंच विचारलं की हॉल कितव्या मजल्यावर आहे? उत्तर आलं, पहिल्या. लिफ्ट? नाही.

आता बघा, दिव्यांगांसाठीचा कार्यक्रम आणि गावातला व्हीलचेअरवरचा माणूस खालीच. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. फक्त तो माणूस येईल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजचा विषय हाच. सायकलस्वार सकाळी सहाला पुढच्या गावाला निघून जातात, तुमच्या गावातली माणसं तिथेच राहतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची नोंद २९ लाखांच्या वर आहे. म्हणजे तुमच्या गावात आहेतच. दिसत नसतील तर का दिसत नाहीत, ते आपण बघू.

आधी एक बाहेरचं उदाहरण सांगतो, कारण स्वागताची एक चांगली पद्धत तिथे बसली आहे. अमेरिकेत 'जर्नी ऑफ होप' नावाची राइड आहे. पाय कप्पा फाय ही तिकडच्या कॉलेजातल्या मुलांची संघटना आणि तिची 'द अ‍ॅबिलिटी एक्सपीरियन्स' ही संस्था ती चालवते. १९८७ साली ब्रूस रॉजर्स नावाच्या त्यांच्या एका सदस्याने एकट्याने अमेरिका सायकलवर पार केली, आणि पुढच्या वर्षीपासून टीम निघायला लागली. दर उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्याकडून निघतात आणि साधारण दोन महिन्यांनी वॉशिंग्टन डी.सी.ला पोचतात. स्वतः पैसे जमवतात, ते दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जातात. रात्री मुक्काम एखाद्या शाळेच्या जिममध्ये नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये.

पण मला त्यातलं आवडतं ते 'फ्रेंडशिप व्हिजिट'. दिवसभराचं सायकलिंग झालं की मुलं त्या गावातल्या दिव्यांग लोकांना भेटतात. एकत्र जेवतात, खेळतात, नाचतात. म्हणजे गावाने द्यायची खरी गोष्ट ही भेट आहे. हार वगैरे ठीक आहे.

आता यावर माझी एक कुरकुर पण आहे. ज्यांच्याविषयी जागृती करायची ते बाजूला आणि पॅडल मारणारे दुसरेच, असं बऱ्याच राइड्समध्ये होतं. म्हणून मला टँडम जास्त पटते. दोन सीट्सची सायकल. पुढे डोळस, मागे अंध, आणि दोघांचे पॅडल चेनने जोडलेले, त्यामुळे दोघांनाही कष्ट चुकत नाहीत! पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांचं नाव ऐकलं असेल. ग्लॉकोमामुळे १९ व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. २०१६ मध्ये ते टँडमवर मनाली ते खारदुंग ला गेले, सुमारे पाचशे किलोमीटर. त्यांनी काढलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स' या संस्थेचं सूत्रच असं आहे की दिव्यांग आणि बाकीच्यांनी एकत्र खेळायचं. आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताकडून पहिल्यांदाच पॅरा-सायकलिंगला दोघे उतरले, अर्शद शेख आणि आपल्या महाराष्ट्राची ज्योती गडेरिया. गावातल्या पोरांना ही नावं माहीत नसतात. सत्काराच्या भाषणात पाच मिनिटं यावर बोला ना.

बरं, आता कामाचं.

ढोल-ताशा. मी ढोलाच्या विरोधात नाही, पुणेकर आहे मी! पण टँडमवर मागे बसलेल्या अंध माणसाला रस्ता कळतो तो पुढच्याच्या आवाजातून. हँडल, ब्रेक, सगळं पुढच्याकडे. तो सांगत असतो, खड्डा आला, थांबतोय, पॅडल सोड. त्या क्षणी कानाजवळ वीस ढोल सुरू झाले तर मागच्याला काहीच कळणार नाही. सायकली थांबू द्या, उतरू द्या, मग वाजवा काय वाजवायचं ते. हँडसायकल असेल, म्हणजे हातांनी पॅडल मारायची, तर ती जमिनीला अगदी लागून असते. मिरवणुकीतल्या गाडीवाल्याला ती दिसतच नाही. पुढे-मागे दोन कार्यकर्ते चालवा.

उतरल्यावर लगेच स्टेजवर नेऊ नका. शंभर किलोमीटर करून आलेल्या माणसाला पाणी, टॉयलेट आणि कोरडे कपडे हवे असतात. पाहुणे यायचेत म्हणून दीड तास घामेजल्या जर्सीत बसवलेले सायकलस्वार मी पाहिलेत. टॉयलेटचं तर आधी जाऊन बघाच. दार किती रुंद आहे, व्हीलचेअर आत जाते का, की दोन पायऱ्या चढून भारतीय पद्धतीचं आहे.

हॉल तळमजल्यावरचा घ्या. तिथेही पायऱ्या असतातच. "दादा, फळी टाकतो," असं कोणीतरी म्हणेल. थोडं गणित करा. रॅम्पसाठीचा नेहमीचा नियम एकास बारा. दीड फूट उंची चढायची तर अठरा फूट लांब उतार लागतो. चार फुटांची फळी म्हणजे घसरगुंडी! जागा नसेल तर शाळेचं मैदान बघा, मंडप टाका. माणसाला खुर्चीसकट उचलून वर नेणं हा उपाय नाही. त्याला विचारा कधी, कसं वाटतं ते.

बोलण्याचंही आहे. अंध पाहुण्याशी बोलताना त्याच्या शेजारच्याला "हे चहा घेतात का?" विचारू नका. त्यालाच विचारा. आपलं नाव सांगा, हात धरून ओढू नका, तुमचा दंड त्याला धरू द्या. आणि शब्दाचं म्हणाल तर दिव्यांग हा सरकारी शब्द झालाय, काहींना तो आवडतो, काहींना अजिबात नाही. समोरच्याला कोणता शब्द चालतो ते विचारलं की विषय संपतो.

आता आपल्या फोनचा भाग. निमंत्रण म्हणून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर एक झकास पोस्टर टाकणार. अंध माणूस फोन वापरतो तो टॉकबॅकवर, स्क्रीनवरचं फोन वाचून दाखवतो. पोस्टरवर तो बऱ्याचदा फक्त "इमेज" म्हणतो. तारीख, वेळ, पत्ता काही नाही. म्हणून पोस्टरखाली तोच मजकूर टाइप करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. रील बनवाल तर खाली मराठी सबटायटल द्या, आणि आपोआप आलेली हाताने तपासा, फार गंमतशीर चुका असतात. फोटो काढायच्या आधी विचारा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मांडीवर घेऊन आमदारांचा फोटो, हे प्रकार आता बंद करूया.

आणि गावातल्या लोकांना कसं आणायचं? घरोघरी जा. आशाताईंना विचारा, अंगणवाडीच्या ताईंना विचारा, त्यांना सगळी घरं माहीत असतात. येण्या-जाण्याला रिक्षा द्या, नाहीतर कोणी येणार नाही. हॉलच्या दाराशी एक टेबल ठेवा, लॅपटॉप आणि दोन हुशार पोरं बसवा, आणि यूडीआयडी कार्डाचे ऑनलाइन अर्ज तिथेच भरून द्या. पुढची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, पण अर्जाशीच अडलेले खूप असतात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे. थॅलेसेमिया, सिकल सेल त्यात येतात हे घरच्यांनाच माहीत नसतं. विदर्भातल्या मित्रांनो, सिकल सेलचं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शेवटचं काम जरा धाडसाचं आहे. स्टेजवर नगराध्यक्ष किंवा सरपंच असणारच. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. सूत्रसंचालकाने माइकवर, हसत, नम्रपणे विचारायचं: "साहेब, मागच्या वर्षी आपल्याकडे या पाच टक्क्यांतून काय काय झालं, थोडं सांगाल का?" समोर सगळं गाव बसलेलं असतं, बाहेरगावचे पाहुणे असतात, मोबाइल चालू असतात. हा प्रश्न शक्यतो गावातल्याच दिव्यांग व्यक्तीने विचारावा, तयार असेल तर. आणि आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन आकडा काढून ठेवा, म्हणजे गोल गोल उत्तर आलं तर तुमच्या हातात कागद असेल. साहेबांना राग येईल का? येईल कदाचित. पुढच्या वर्षी ढोलाची वर्गणी कमी मिळेल.

राइडवाल्यांनाही विचारा बरं का, जमलेला पैसा कुठल्या संस्थेला जातो, पावती मिळते का. नीट काम करणारे लोक आनंदाने सांगतात.

तुमच्या गावात अशी राइड येऊन गेली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आतली. आणि ज्या श्रोत्यांनी आत्ता हे टॉकबॅकवर वाचलं, त्यांनी आमच्या पानावर काय अडलं ते नक्की कळवा, मी दुरुस्त करतो. चला, भेटू पुढच्या आठवड्यात.