चाल एक, शब्द आपापले

कात्रजहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज लांबच्या गाण्याची गोष्ट सांगायची आहे, पण ऐकताना तुम्हाला आपलं जातंच आठवेल.

जमैका हे अमेरिकेजवळच्या समुद्रातलं छोटं बेट. उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे वंशज तिथं राहतात. रेगे हे त्यांचं गाणं. त्यात एक रीत आहे. ड्रम आणि बास गिटारची एकच साथ धरायची. तिला ते ‘रिडिम’ म्हणतात. त्याच साथीवर आधी एक जण गातो, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाचे शब्द निराळे. १९७४ मध्ये रूपी एडवर्ड्स यांनी एकाच रिडिमवरची अख्खी तबकडी काढली.

रेगेत भूक येते, अन्याय येतो, शांततेची विनवणीही येते. तिथं दोन पक्षांच्या माणसांत रक्तपात चालला होता. तेव्हा २२ एप्रिल १९७८ ला किंग्स्टन शहरात गायक बॉब मार्ली यांनी दोन्ही पुढाऱ्यांना, मायकेल मॅनली आणि एडवर्ड सीगा यांना, मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. तेवढ्यानं हिंसा थांबली नाही. पण हे घडू शकतं, एवढं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आपल्या ओवीचंही असंच नाही का? चाल आई-आजीकडून आलेली, सुखदुःख मात्र जिचं तिचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या.

आमच्या वस्तीत निवडणुकीनंतर दोन तट पडले. निम्म्या बायका बैठकीला येईनात, कर्जाचे हप्ते रखडले. गट मोडतो की काय, अशी वेळ आली. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं आणि एका आजींना चाल धरायला सांगितली. अट एकच: प्रत्येकीनं स्वतःची ओवी जुळवायची, दुसरीची मधे तोडायची नाही. एकीनं नळावरचं भांडण गायलं. दुसरीनं लेकाला झालेली मारहाण गायली. ऐकताना राग आला, ओठावर उत्तरही आलं. पण ओवी पुरी होईतो थांबावंच लागतं. तेवढ्या वेळात समोरचीचं बोलणं कानात शिरतं.

सगळं मिटलं असं नाही. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. पण बैठकीला दोघीही येतात, आणि हप्ते पुन्हा सुरू झालेत.

तुमच्या गटातही करून बघा. जातं नसलं तरी टाळी पुरे. चाल सगळ्यींनी मिळून धरा, शब्द मात्र जिचे तिला म्हणू द्या.