चालक चेतापेशींचा विकार : वय आणि स्त्री-पुरुषभेद



दिवसभराच्या उन्हाने तापून आपण येथे जरा निवायला आलात, आणि आम्ही मात्र एका आजाराचा विषय काढीत आहोत. क्षमा असावी.

मेंदूपासून पाठीच्या कण्यातील रज्जूपर्यंत, आणि तेथून स्नायूंपर्यंत, हालचालीचा हुकूम नेणाऱ्या पेशी असतात. त्या मरू लागल्या की स्नायू वाळतात. हाच मोटर न्यूरॉन विकार. फ्रान्समधील शार्को यांनी १८६९ साली त्याचे मुख्य रूप वर्णिले. भाकरी थापताना हात चालत नाही, पायातील चप्पल निसटते, बोलणे अडखळते, पाण्याच्या घोटाला ठसका लागतो. स्पर्शज्ञान मात्र शाबूत राहते, आणि पुष्कळदा बुद्धीही. हा विकार संसर्गाने होत नाही.

मग तो होतो कोणाला? पहिली गोष्ट वयाची. चाळिशीच्या आत तो विरळा. पन्नाशीनंतर धोका चढत जातो, आणि साठ ते पंच्याहत्तरच्या दरम्यान सर्वांत अधिक असतो. २०१४ साली काही संशोधकांनी गणित मांडले की, हा विकार जडण्यापूर्वी शरीरात सुमारे सहा बिघाड एकापाठोपाठ एक घडावे लागत असावेत. एवढे घडण्यास वर्षे लागतात, म्हणून उतारवय.

दुसरी गोष्ट स्त्री-पुरुषभेदाची. युरोपात काही प्रदेशांतील झाडून सर्व रुग्णांची नोंद ठेवतात. त्या नोंदींत दहा स्त्रियांमागे बारा ते पंधरा पुरुष आढळतात, आणि सत्तरीनंतर हे अंतर कमी होते. आता आपल्याकडे पाहा. बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील ११५३ रुग्णांची माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत एका स्त्रीमागे तीन पुरुष होते, आणि विकार सुरू होण्याचे सरासरी वय अवघे शेहेचाळीस!

मग भारतीय स्त्रीला निसर्गाने अधिक जपले आहे, असे म्हणावे काय? आम्ही बेताने बोलू. आपला समाज वयाने तरुण, म्हणून तरुण रुग्ण अधिक दिसणारच. परंतु इस्पितळाची वही म्हणजे गावाची वही नव्हे. तीत दारापर्यंत पोहोचलेलीच माणसे मोजली जातात. घरच्या कर्त्या पुरुषाचा हात वाळू लागला की त्याला रेल्वेत बसवून मुंबईपर्यंत नेतात. म्हातारीची जीभ जड झाली, तर ‘वय झालं तिचं’ म्हणून सोडून देतात. आणि नेमके उतारवयात, त्यातही स्त्रियांत, हा विकार बोलण्या-गिळण्यापासून सुरू होण्याचे प्रमाण अधिक असते.

तरुणांची तऱ्हा निराळी. पंधरा ते पंचविशीतील मुलाचा एकच पंजा बारीक होऊ लागला, तर तो जपानच्या हिरायामा यांनी १९५९ साली वर्णिलेला विकार असू शकतो. तो मुलींना क्वचित होतो, आणि काही वर्षांनी बहुधा आपोआप थांबतो. घाबरण्यापूर्वी तपासून घ्यावे.

मोठ्या विकारावर समूळ बरे करणारे औषध नाही. रिलुझोलने आयुष्यात काही महिन्यांची भर पडते. श्वासाला यंत्राचा आधार आणि नळीवाटे अन्न यांनी हाल कमी होतात. म्हणून लवकर झालेले निदान वाया जात नाही. जळगाव आणि धुळे, दोन्ही शहरांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या मायचे बोलणे जरा कान देऊन ऐका. वय हे धोक्याचे कारण आहे, दुर्लक्षाचे नव्हे.