अन्नाचा पारखी : जैवसंवेदक



शिक्षकाच्या पेशांत माझीं चौतीस वर्षें गेलीं. त्यांतील बरीच वर्षें मधल्या सुटींतला आमचा चहा कोपऱ्यावरच्या टपरीवरून येत असे. शिपाई तो पातळ प्लास्टिकच्या पिशवींत भरून, तिच्या तोंडास दोरा बांधून आणी. चहा कढत असे आणि पिशवी हातांत मऊ लागे. परंतु चवींत, वासांत किंवा रंगांत कांहींच उणें दिसत नसे. त्यामुळें आम्हां पंधरा-वीस शिक्षकांपैकीं एकाच्याहि मनांत कधीं शंका आली नाहीं. आज मी बोलणार आहें तें त्या न आलेल्या शंकेविषयीं.

दूध नासलें तर जीभ सांगते, डाळ करपली तर नाक सांगतें, पिठांत अळी झाली तर डोळा सांगतो. आपल्या आया-आज्यांनीं स्वयंपाकघर सांभाळलें तें या तीन पहारेकऱ्यांच्या बळावर. परंतु प्लास्टिकमधून अन्नांत उतरणारीं द्रव्यें या तिघांनाहि चकवितात. त्यांपैकीं दोन नांवें आपण ध्यानांत ठेवावीं. पहिलें बिस्फेनॉल-ए. पॉलिकार्बोनेट नांवाचें कठीण, पारदर्शक प्लास्टिक आणि कित्येक पत्र्याच्या डब्यांच्या आंतला लेप यांच्या घडणींत तें वापरलें जातें. दुसरें नांव थॅलेटें. पीव्हीसी प्लास्टिक लवचिक व्हावें म्हणून हीं त्यांत मिसळतात. तीं प्लास्टिकशीं घट्ट जखडलेलीं नसतात. ऊब मिळाली, अथवा तेलातुपाचा संसर्ग घडला, कीं हळूहळू बाहेर पडतात. आमच्या चहाच्या पिशवींत हींच द्रव्यें होतीं असें मी म्हणत नाहीं. कोणत्या पिशवींत काय आहे हें तिच्याकडे पाहून कळत नाहीं, हेंच तर खरें दुखणें.

बिस्फेनॉल-ए हें १८९१ सालापासून रसायनशास्त्रज्ञांस ठाऊक आहे. लंडनचे चार्ल्स डॉड्स यांनीं १९३६ सालीं दाखवून दिलें कीं, तें शरीरांत स्त्री-संप्रेरकासारखें वागतें. संप्रेरक म्हणजे शरीरानें आपल्याच अवयवांस धाडलेला निरोप. हें द्रव्य म्हणजे जणूं खोट्या सहीचें पत्र. पत्र खरें समजून अवयव कामास लागतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०२३ सालीं त्याच्या रोजच्या सेवनाची मर्यादा २०१५ च्या मर्यादेहून वीस हजारपट खालीं आणली. अमेरिकेंतील अन्न व औषध खात्यानें एवढी कडक भूमिका घेतलेली नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगावयास हवें. विद्वानांत मतभेद आहेत. पण मतभेद असतांना मोजमाप अधिकच हवें.

तें मोजमाप करावयाचें कसें? मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठीं उत्तम यंत्रें आहेत. परंतु तीं महाग, चालविणारा तज्ज्ञ लागतो, आणि वणी किंवा घाटंजीच्या बाजारांतला नमुना दूरच्या शहरीं पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते. उत्तर येईपर्यंत तें अन्न लोकांच्या पोटांत गेलेलें असतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं निराळी वाट धरली. तिचा आरंभ १९६२ सालीं झाला. अमेरिकेंतील लेलँड क्लार्क यांनीं रक्तांतील साखर मोजण्यासाठीं सजीवांपासून मिळणारें एक विकर विजेच्या उपकरणास जोडण्याची युक्ति मांडली. विकर म्हणजे सजीवांच्या देहांत रासायनिक कामें झपाट्यानें उरकणारें द्रव्य. आज मधुमेही माणसाच्या घरीं बोटाच्या टोकाचा थेंब घेऊन क्षणांत आंकडा सांगणारें जें लहानसें यंत्र असतें, तेंच जैवसंवेदक.

विकराचें काम पाहावयाचें असेल तर स्वयंपाकघरांत चला. वांगें चिरून ठेवलें तर काळें पडतें. म्हणून गृहिणी फोडी पाण्यांत टाकतात. वांग्यांतलें विकर हवेंतील प्राणवायूच्या साहाय्यानें फिनॉल जातीच्या द्रव्यांवर क्रिया करतें, त्याचा हा काळेपणा. बिस्फेनॉल-ए हेंहि फिनॉल जातीचेंच. तेव्हां त्याच कुळांतलें, अळिंब्यांपासून काढलेलें टायरोसिनेज नांवाचें विकर कार्बनच्या लहानशा पट्टीवर बसवितात. तिच्यावर नमुन्याचा थेंब पडला कीं विकर बिस्फेनॉलचें रूप पालटतें, पट्टींतून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो, आणि प्रवाह जेवढा, तेवढें द्रव्याचें प्रमाण समजतें. थॅलेटें त्या जातीचीं नव्हत. त्यांच्यासाठीं पट्टीवर प्रतिद्रव्यें बसवितात. कुलुपास आपलीच किल्ली लागावी, तशीं तीं आपलें ठराविक द्रव्य धरून ठेवतात.

ही विकरांची गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्यास अगदींच अनोळखी नाहीं. २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर औषध फवारतांना जिल्ह्यांतील वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेंकडों आजारी पडले. त्या फवाऱ्यांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखीं विषें होतीं. अशीं विषें आपल्या मज्जातंतूंचें काम सांभाळणाऱ्या कोलिनेस्टरेज नांवाच्या विकरास लुळें करतात. हेंच विकर जैवसंवेदकाच्या पट्टीवर बसविलें, तर विषाच्या स्पर्शानें तें मंदावतें, प्रवाह घटतो, आणि विषाची वर्दी मिळते. जो घाव माणसाच्या देहावर पडतो तो आधीं पट्टीवर पडावा, एवढेंच या शास्त्राचें म्हणणें. त्या वर्षीं आपल्याकडे पट्टी नव्हती. माणसेंच पट्टी झालीं. त्यांत माझ्या वर्गांत बसून गेलेला एक मुलगा होता. प्लास्टिकचीं द्रव्यें तर याहून मुकीं आहेत. तीं कोणास एका रात्रींत इस्पितळांत नेत नाहींत. म्हणून त्यांच्याविरुद्ध देह उशिरांहि साक्ष देत नाहीं.

तरी या पारख्याची नुसती स्तुति करणें बरें नव्हे. चहांत आणि हळदींत फिनॉल जातीचीं द्रव्यें जात्याच असतात. टायरोसिनेज त्यांनाहि फसूं शकतें. दुधांतली सायहि मोजणींत अडथळा आणते. म्हणून नमुना आधीं स्वच्छ करून घ्यावा लागतो. शिवाय विकर हें धातूसारखें टिकाऊ नसतें. आपल्या वैशाखाच्या उन्हांत तें निकामी होईल. पट्टीनें शंका घ्यावी आणि निकाल प्रयोगशाळेनें द्यावा, हाच योग्य क्रम. प्लास्टिकच्या द्रव्यांसाठीं घरोघरीं चालेल असें साधन अद्याप झालेलें नाहीं. परंतु तें होईल तेव्हां प्रथम बड्या शहरांच्या दुकानांत न जातां तालुक्याच्या दूध-संकलन केंद्रावर आणि शाळेच्या पोषण-आहाराच्या चुलीशीं यावें, असा आग्रह आपण आतांपासून धरला पाहिजे.

तोंवर विवेक हाच आपला संवेदक. कढत पदार्थ प्लास्टिकमध्यें घेऊं नये. तेलतूप आणि लोणचें कांचेच्या अथवा चिनीमातीच्या बरणींत ठेवावें. वर्तमानपत्राच्या कागदांतले भजे घेऊं नयेत; अन्न-वेष्टनाच्या २०१८ च्या नियमांनीं तो कागद मना केलेला आहे. पातळ पिशव्यांवर महाराष्ट्रांत २३ मार्च २०१८ पासून बंदी आहे. तरी त्या बाजारांत दिसतात, कारण आपण त्या मागतों.

त्या जुन्या टपरीवर मी अजूनहि जातों. आतां माझ्या हातांत घरची किटली असते. टपरीवाला हंसतो, पण गेल्या कांहीं महिन्यांत आणखी दोघे-तिघे किटली घेऊन येऊं लागले आहेत. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.